बुद्धिबळाचा पट आणि रुग्णाची खाट

भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलेल्यांनी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहिलेले असते. माटुंग्याला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. शिलालेख वाचणारे पंडित, मुंबईचे नगरपाल, स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते ही त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकांतून थोडीफार पोचली आहे. पण नावाआधीचे ‘डॉक्टर’ हे बिरूद त्यांना कुठे आणि कशा शिक्षणातून मिळाले, हे फारसे कुणी सांगत नाही. ती हकीकत आजच्या वैद्यकीय शिक्षणातल्या एका जिवंत प्रश्नाशी जोडलेली आहे. डॉक्टरला औषधे पाठ करून घेता येतात, टाके घालायला शिकवता येते, पण रुग्णासमोर विचार कसा करायचा हे शिकवता येते का, हा तो प्रश्न.

रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म १८२२ चा, पेडणे महालातील मांजरे (मांद्रे) गावचा. घरची गरिबी होती. मातीच्या बाहुल्या विकून संसार चाले. पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या वाचकाला मातीच्या धंद्यातली ओढाताण वेगळी सांगायला नको. मातीत वाढलेल्या मुलाची नजर तयार झाली आणि पुढे ती निदानाच्या कामी आली, असे लिहायचा मोह होतो. पण त्याला पुरावा नाही. पुरावा आहे तो बुद्धिबळाचा. लहानग्या भाऊची बुद्धिबळातली हुशारी एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेत भरली. मुलाला इंग्रजी शिकवा, असे त्याने वडिलांच्या गळी उतरवले आणि लाड कुटुंब मुंबईला आले.

हा योगायोग गमतीचा आहे, कारण डॉक्टर विचार कसा करतो याचा अभ्यास करणाऱ्यांनी शंभर वर्षांनी सुरुवात केली ती बुद्धिबळापासूनच. आद्रियान द ग्रोट या डच मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये आपल्या प्रबंधात निष्णात खेळाडूंची तपासणी केली. समजूत अशी होती, की मोठा खेळाडू पुढच्या वीस-वीस चाली मोजत असणार. तसे आढळले नाही. फरक होता तो पाहण्यात. काही सेकंद पट दाखवून झाकला तर निष्णात खेळाडू जवळजवळ सगळी मांडणी परत लावत असे, नवख्याला मोजकीच मोहरी आठवत. पुढे १९७३ मध्ये चेस आणि सायमन या अमेरिकी संशोधकांनी दाखवले, की मोहरी कशीही वेडीवाकडी पसरली तर निष्णाताची ही आघाडी जवळपास नाहीशी होते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती दैवी नव्हती. हजारो खऱ्या डावांतून अर्थपूर्ण आकृत्या त्याच्या डोक्यात बसल्या होत्या. अनुभवी डॉक्टर दारातून येणाऱ्या रुग्णाची चाल आणि चेहरा पाहूनच निम्मे निदान करतो, ते याच बळावर. आणि त्याच बळाच्या भरवशावर राहून कधीतरी फसतोही.

मुंबईत भाऊंनी एल्फिन्स्टन संस्थेत बक्षिसे आणि शिष्यवृत्त्या मिळवत शिक्षण केले. वडील लवकर गेले. आई आणि धाकटा भाऊ नारायण यांचा भार भाऊंवर आला. बालहत्येच्या चालीवरच्या निबंधाला बक्षीस मिळाले, एल्फिन्स्टनमध्येच शिक्षकाची नोकरी लागली. पगार सुरू झाला होता, संस्कृत ग्रंथ आणि जुने लेख वाचण्याची गोडी लागली होती. पंचविशीच्या आतबाहेरचा, घर चालवणारा हा शिक्षक पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसला, तो १८४५ साली उघडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात.

या कॉलेजची जन्मकथाही सांगायला हवी. मुंबईत १८२६ मध्ये एक देशी वैद्यक शाळा निघाली होती. मॅक्लेनन नावाच्या डॉक्टरने तिथे देशी भाषांत शिकवले. १८३२ मध्ये सरकारने ती बंद केली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी विषय पुन्हा हाती घेतला. त्यांचे वैद्यकीय सहायक होते डॉ. चार्ल्स मोरहेड. हे एडिंबरोचे पदवीधर, १८२९ मध्ये मुंबईच्या वैद्यकीय सेवेत आलेले. त्याआधी ते पॅरिसला पिएर लुई यांच्या हाताखाली शिकले होते, आणि या लुईंमुळेच पुढची सगळी गोष्ट बदलली. त्या काळी तापावर, न्यूमोनियावर रक्त काढणे हा सर्वमान्य उपचार होता. लुईंनी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, कुणाचे रक्त कधी काढले आणि पुढे काय झाले ते मोजले, आणि या उपचाराचा बोलबाला आहे तेवढा उपयोग नाही असे आकड्यांनी दाखवले. थोर गुरूंनी सांगितले म्हणून नव्हे, तर खाटेवरच्या माणसाचे काय झाले ते मोजून ठरवायचे, ही शिस्त मोरहेड मुंबईला घेऊन आले.

ग्रँट १८३८ मध्ये वारले. त्यांच्या स्मारकासाठी मुंबईकरांनी वर्गणी काढली, सरकारने भर घातली. शेजारी रुग्णालय उभे राहिले ते सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून. मोरहेड कॉलेजचे पहिले प्राचार्य, वैद्यकाचे पहिले प्राध्यापक आणि जे. जे. रुग्णालयाचे पहिले फिजिशियन, असे तिन्ही एकाच वेळी होते. याकडे केवळ पदांची यादी म्हणून पाहू नये. वर्गात शिकवणाराच वॉर्डात रुग्ण पाहणार, आणि विद्यार्थी त्याच्या मागे वॉर्डात उभा राहणार, ही व्यवस्था त्यातून आली. विद्यार्थ्यांना रुग्ण नेमून दिले जात. हकीकत विचारायची, तपासायचे, लिहून काढायचे, आणि मग प्राध्यापकासमोर उभे राहून हे असेच का वाटते ते सांगायचे. रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात आपला अंदाज किती खरा ठरला तेही पाहायचे. मोरहेड यांचा भारतातील रोगांवरचा दोन खंडांचा ग्रंथ १८५६ मध्ये लंडनला छापला गेला. मुंबईच्या वॉर्डांमधल्या नोंदींवर तो उभा आहे.

या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी होते. पुढे प्रार्थना समाज स्थापणारे आत्माराम पांडुरंग होते, अनंत चंद्रोबा होते. मुले थोडी, वर्षे बरीच, रुग्ण भरपूर, आणि शिक्षक रोज प्रश्न विचारणारा. असे भाग्य नंतरच्या पिढ्यांना क्वचितच लाभले.

आज ते का लाभत नाही? वर्गात शंभर-दीडशे मुले असतात. रुग्ण चार दिवसांत घरी जातो. खाटेभोवती वीस जणांचा घोळका उभा राहिला तर मागच्यांना रुग्णाचे पायही दिसत नाहीत. शिवाय शिकाऊ डॉक्टरच्या चुकीची किंमत रुग्णाने मोजावी, हे आता कुणालाच मान्य नाही आणि तसेच असायला हवे. यावर उपाय म्हणून आले ते सिम्युलेशन, म्हणजे खऱ्यासारखा बेतलेला प्रसंग. हॉवर्ड बॅरोज या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये एका निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवली आणि विद्यार्थ्यांना तिला तपासायला लावले. तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. वैद्यकाचे नाटक करता काय, असा सूर होता. पण त्याच युक्तीने पुढे डॉक्टरांच्या विचारप्रक्रियेचे दार उघडले. एल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनुभवी फिजिशियनसमोर असेच नट रुग्ण म्हणून बसवले होते. दिसले असे, की डॉक्टर सगळी माहिती गोळा करून मग विचाराला बसत नाही. पहिल्या काही मिनिटांतच दोन-चार शक्यता मनात धरतो आणि पुढचे प्रश्न त्यांच्या रोखाने विचारतो. हे नामवंत आणि सामान्य, दोन्ही डॉक्टर करतात. दुसरा निष्कर्ष अधिक अडचणीचा होता. एका रुग्णाच्या बाबतीत उत्तम विचार करणारा डॉक्टर दुसऱ्या आजाराच्या रुग्णाबाबतही तेवढाच चांगला ठरेल, असे नाही. विचारशक्ती नावाचा एखादा वेगळा स्नायू नाही, की तो एकदा कमावला की सगळीकडे चालला. त्या त्या आजाराचे अनेक रुग्ण, नाना रूपांत, पाहावेच लागतात.

रायगडमधले उदाहरण घ्या. पावसाळ्यात पहाटे एखाद्या वाडीवरून तरुण येतो. पोटात दुखते, एकदोन उलट्या झाल्या आहेत. अंगावर जखम नाही, ताप नाही. पित्त किंवा अपेंडिक्स असा शिक्का पटकन बसतो. पण तो रात्री जमिनीवर झोपला होता का, हा एक प्रश्न विचारला, आणि पापण्या जड झाल्या आहेत का ते पाहिले, तर सगळा डाव बदलतो. मण्यारीचा दंश बहुधा झोपेत होतो, दुखत नाही, खूणही सापडत नाही. तिचे विष मज्जासंस्थेवर काम करते, त्यामुळे रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी ठीक येते आणि नवख्या डॉक्टरला खोटा दिलासा देते. काही तासांत श्वास थांबू शकतो. किंवा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतला कामगार भर दुपारी चक्कर आणि उलट्या होऊन आणला जातो. ऊन लागले, साखर उतरली, हृदयविकार आहे, की कुठला वायू नाकात गेला? बुबुळाचा आकार, लाळ, घाम, घामाच्या वासापर्यंत सगळे बोलत असते, ऐकणारा हवा.

इंटर्नशिपच्या वर्षभरात असा मण्यारीचा एकही रुग्ण वाट्याला न येता डॉक्टर बाहेर पडू शकतो. मग त्याची पहिली भेट रात्री तीन वाजता, एकटा असताना होते. सिम्युलेशन ही पहिली भेट आधीच घडवून आणते. त्यासाठी लाखोंचे मॅनिकिनच लागते असेही नाही. महागडा बोलका पुतळा आणि साधी मांडणी यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत खर्चाच्या मानाने शिकण्यातला फरक फारच थोडा दिसला आहे. वॉर्डातल्या एखाद्या सिस्टरने पापण्या जड करून खाटेवर पडून राहावे, दुसरीने घाबरलेल्या आईची भूमिका करावी, एवढ्यावर काम भागते. पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दुपारच्या अर्ध्या तासात हे बसू शकते. निभावणे कठीण आहे ते पुढचे, म्हणजे प्रसंग संपल्यावरची चर्चा. तू आधी काय धरून चाललास, कुठल्या खुणेने मत बदलायला हवे होते, आणि ते का बदलले नाही? सिम्युलेशनवरील संशोधनाच्या आढाव्यांत शिकण्याला मदत करणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणून हे परत सांगणेच पुढे आले आहे. कुक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ६०९ अभ्यास एकत्र तपासले. असे प्रशिक्षण मुळीच न मिळालेल्यांच्या तुलनेत ज्ञान आणि कौशल्य यांत मोठी वाढ दिसली, प्रत्यक्ष रुग्णांना होणारा लाभ मात्र मध्यम निघाला. ज्यांना पुतळे विकायचे आहेत ते यातला पहिला भागच सांगतात.

आपल्याकडे २०१९ पासूनच्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळेला जागा मिळाली आहे आणि २०२१ पासून अलिबागला शासकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. सोय आली. रोज प्रश्न विचारणारा मोरहेड मात्र खरेदीच्या यादीत घालता येत नाही.

भाऊ दाजींनी १८५१ मध्ये मुंबईत व्यवसाय सुरू केला आणि थोड्याच काळात त्यांचे नाव झाले. पैसाही मिळाला. धाकटे नारायणही डॉक्टर झाले होते. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मादाय दवाखाना चालवला. जुन्या संस्कृत वैद्यक ग्रंथांत अमुक वनस्पती अमुक रोगावर अद्भुत म्हणून सांगितली आहे, तर भाऊ तिची थट्टाही करत नसत आणि पूजाही करत नसत. रुग्णाला देऊन काय होते ते पाहत. खाटेपाशी लागलेली सवय त्यांनी अशी पोथ्यांनाही लावली. अजिंठ्याच्या आणि जुनागढच्या झिजलेल्या शिलालेखांचे त्यांनी केलेले वाचन याच जातीचे आहे. दिसणाऱ्या चार अक्षरांवरून न दिसणारे पाचवे ओळखायचे, आणि दुसरा चांगला ठसा मिळाला की आपले वाचन दुरुस्त करायचे.

त्यांच्या निदानाची जाहीर परीक्षा झाली ती १८६२ मध्ये. करसनदास मुळजी या पत्रकाराने वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या अनीतीवर लिहिले. जदुनाथजी महाराजांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. महाराजांचा दरारा एवढा, की साक्षीला माणूस उभा राहणे अवघड. भाऊ दाजींनी महाराजांना उपदंशाचा विकार झाल्याची साक्ष न्यायालयात दिली. त्या वेळी उपदंशाची रक्ततपासणी नव्हती. जंतूच मुळी १९०५ मध्ये सापडला आणि वासरमन चाचणी १९०६ मध्ये आली. त्यामुळे साक्षीचा सगळा भार हकीकत आणि तपासणी यांवर होता आणि उलटतपासणीला वकील समोर होते. निकाल करसनदासच्या बाजूने लागला. रुग्णाचे गुपित असे चव्हाट्यावर यावे का, हा प्रश्न आजच्या डॉक्टरला नक्की टोचेल. न्यायालयापुढे शपथ घेतल्यावर भाऊंपुढे फारसा पर्याय नव्हता, असे म्हणता येते. पण तो प्रश्न सोपा होत नाही.

सार्वजनिक कामांचा पसारा इथे सगळा मांडण्याचे कारण नाही. १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनच्या उभारणीत ते होते. मुंबई विद्यापीठाच्या मूळच्या फेलोंमध्ये होते. मुलींच्या शाळेसाठी झटले. आज त्यांचे नाव असलेले संग्रहालय उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८६५ मध्ये कापसाच्या तेजीचा फुगा फुटला, त्यात त्यांनाही जबर फटका बसला. तरी १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते नगरपाल झाले.

वैद्य म्हणून त्यांनी सर्वांत जास्त जीव ओतला तो कुष्ठरोगावर. तेव्हा या रोगाचे कारण ठाऊक नव्हते. कुणी आनुवंशिक म्हणे, कुणी आहाराला दोष देई, समाज पापाचे फळ म्हणून माणूस घराबाहेर काढी. भाऊंनी वापरलेले औषध म्हणजे कडू कवठीच्या बियांचे तेल. हे झाड कोकणापासून केरळपर्यंत पश्चिम घाटाच्या पट्ट्यात वाढते. रुग्णांना गुण येतो अशी बातमी पसरली. लोक दुरून येऊ लागले.

पण भाऊंनी औषधाचे नाव उघड केले नाही. पुरेसा अनुभव जमला, निष्कर्ष पक्के झाले, की प्रसिद्ध करू, असा त्यांचा विचार होता. टीका झाली. ती समव्यावसायिकांकडून झाली आणि अगदीच मत्सराची नव्हती. औषध गुप्त ठेवणे ही वैदूची रीत. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतल्या माणसाने तसे करावे, हे अनेकांना खटकले. भाऊंची बाजूही समजण्यासारखी आहे. कुष्ठरोग वर्षानुवर्षे चालतो, मध्येच आपोआप थांबल्यासारखा वाटतो, पुन्हा उफाळतो. घाईने बरे झाल्याचा डंका पिटण्यापेक्षा थांबणे बरे, असे त्यांना वाटले असेल. मात्र थांबताना दार उघडे ठेवता आले असते. जे. जे.च्या वॉर्डात मोरहेडपुढे उभे राहून आपला अंदाज मोठ्याने सांगण्याची, तो दुसऱ्याला तपासू देण्याची जी सवय त्यांना लागली होती, ती आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या प्रयोगात वापरली गेली नाही. किती रुग्णांना तेल दिले, किती सुधारले, किती सोडून गेले, कुणाला मुळात हा रोगच नव्हता, हे विचारणारा त्या खोलीत कुणी नव्हता.

१८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सनला कुष्ठरोगाचे जंतू दिसले. मे १८७४ मध्ये भाऊ दाजी वारले, आपल्या उपचाराचे पूर्ण निष्कर्ष छापण्याआधीच. नारायणही त्यानंतर फार काळ जगले नाहीत. मुंबईत त्याच काळात हेन्री व्हॅन्डाइक कार्टर कुष्ठरोगाचा अभ्यास करत होते. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली चित्रे काढणारे ते हेच, ग्रँट मेडिकल कॉलेजात ते प्राध्यापक होते. विसाव्या शतकात चौलमुगरा आणि कडू कवठीच्या तेलाची इंजेक्शने जगभर दिली गेली, आणि १९४० च्या दशकात सल्फोन गटाची औषधे येईपर्यंत कुष्ठरोग्याच्या हाती दुसरे फारसे काही नव्हते. तेलाचा गुण मर्यादित होता, सुया फार दुखत, पण अंदाज अगदी चुकीच्या दिशेचा नव्हता.

रायगडमध्ये पनवेलजवळच्या नेरे इथले शांतिवन कुष्ठरुग्णांसाठीच उभे राहिले. आज बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, तरी शोधमोहिमेत वाड्यांवरून नवे रुग्ण सापडतात. त्वचेवरच्या फिकट चट्ट्याला कापसाचा बोळा लावून तो जाणवतो का, हे विचारणे हीच तिथे पहिली तपासणी असते.

भाऊ दाजींनी पदरमोड करून जमवलेल्या संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. त्याची सूची झाली आणि अभ्यासकांना तो वापरता आला. तेलाचा हिशेब मात्र इतरांना पुन्हा पहिल्या रुग्णापासून मांडावा लागला.